मराठवाड्यातून सेमिनरीकडे: ख्रिस्ती ईश्वरविज्ञानाची पदवी घ्यायची असेल तर

"वाटंवर बी सांडणारा हा कसला कुणबी गं?" आमचे आबा हा प्रश्न दरवर्षी विचारायचे. मृगाच्या आगेमागे आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, पेरणाऱ्याचा दाखला, म्हणजे येशूनं सांगितलेली बोधकथा, वाचला जायचा आणि घरी येताना आबांचं हे ठरलेलं. पन्नास वर्षं चाड्यावर मूठ धरलेला माणूस. तिफणीमागं चालताना एक दाणा सरीबाहेर पडला तरी जीव हळहळायचा त्यांचा. त्यांना कळत नव्हतं की प्रभूनं असा निष्काळजी शेतकरी दाखल्यात का घेतला. पाळकसाहेब म्हणायचे, "आबा, अर्थ बघा, शेती बघू नका." आबांचं समाधान व्हायचं नाही. माझंही नाही.

बारावीनंतर मी अंबड तालुक्यातून पुण्याला ईश्वरविज्ञान शिकायला गेले, त्यामागे पाचारण, म्हणजे देवाचं बोलावणं, होतं, आईची प्रार्थना होती, आणि आबांचा हा प्रश्नही होता. आता दर उन्हाळ्यात जालना, बीड, परभणी, नांदेडकडून मुलामुलींचे आणि त्यांच्या आईवडिलांचे फोन येतात. कुठं जायचं, किती वर्षं, डिग्री चालते का, इंग्रजी येत नाही, पोट कसं भरणार. फोनवर तुकड्या-तुकड्यानं सांगण्यापेक्षा एकदा सगळं नीट लिहून ठेवावं म्हणून हा लेख.

आधी हे शिक्षण म्हणजे काय ते ओळखा

सेमिनरी म्हणजे ईश्वरविज्ञान शिकवणारी, पाळक घडवणारी संस्था. बरीच मुलं असं समजून येतात की ते चार वर्षांचं लांबलेलं शिबिर. सकाळ-संध्याकाळ प्रार्थना, गाणी, उपदेश. उपासना रोज असते, खरं आहे. पण दिवसाचा मोठा भाग वर्गात आणि ग्रंथालयात जातो. जुना करार, नवा करार, ख्रिस्ती सिद्धांत, मंडळीचा इतिहास, नीतिशास्त्र, उपदेशशास्त्र, समुपदेशन, इतर धर्मांचा अभ्यास, समाजाचा अभ्यास, स्त्रियांचे प्रश्न असे विषय असतात. निबंध लिहावे लागतात, आणि त्यांत "मला वाटतं" लिहून भागत नाही, कोण काय म्हणालं आणि का, हे दाखवावं लागतं. रविवारी आणि सुट्टीत मंडळ्यांमध्ये, दवाखान्यांत, वस्त्यांवर प्रत्यक्ष कामाला पाठवतात.

पदव्यांची नावं गोंधळात टाकतात. बी.टीएच. म्हणजे बॅचलर ऑफ थिऑलॉजी. बारावीनंतर करता येतं आणि साधारण तीन-चार वर्षं लागतात. बी.डी. म्हणजे बॅचलर ऑफ डिव्हिनिटी. हे मुख्यतः आधी कुठली तरी पदवी घेतलेल्यांसाठी असतं आणि त्यांना साधारण चार वर्षं लागतात. एम.डिव्ह. नावाचा अभ्यासक्रमही पदवीधरांसाठीच असतो. पुढं एम.टीएच. करून शिकवण्याकडे जाता येतं. डिप्लोमा किंवा सर्टिफिकेट वेगळं आणि पदवी वेगळी, हे प्रवेश घेण्याआधीच नीट विचारून घ्या.

पाचारण आणि पत्र

अर्ज मागवण्याआधी आपल्या पाळकांकडे जा. शेवटच्या आठवड्यात सहीपुरतं जाणं उपयोगाचं नाही. वर्षभर आधी गेलात तर बरं. जवळजवळ प्रत्येक सेमिनरी मंडळीचं शिफारसपत्र मागते, आणि ते पत्र लिहिणाऱ्यानं तुम्हाला रविवारच्या शाळेत शिकवताना, मयतीच्या घरी बसलेलं, सतरंज्या उचलताना पाहिलेलं असावं. मला पाळकसाहेबांनी सहा महिने थांबवलं होतं. मला राग आला होता. त्या सहा महिन्यांत त्यांनी मला दर बुधवारी वस्तीवरच्या एका आजारी आजींना स्तोत्र वाचून दाखवायला पाठवलं. सेमिनरीतल्या मुलाखतीत मला बोलता आलं ते त्या आजींबद्दलच.

तुम्ही कुठल्या मंडळीचे, यावर पुढची वाट ठरते. चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, म्हणजे आपली सी.एन.आय., २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात स्थापन झाली. तिचा मराठवाड्यासाठी स्वतंत्र धर्मप्रांत आहे, म्हणजे बिशपच्या हाताखालचा विभाग. तिथं पाळक व्हायचं असेल तर धर्मप्रांतानं तुम्हाला उमेदवार म्हणून स्वीकारावं लागतं. स्वतःच्या पैशानं परस्पर शिकून आलात तर पदवी हाती असते, नेमणूक मात्र मिळेलच असं नाही. मेथडिस्ट आणि इतर मंडळ्यांचेही आपापले नियम आहेत.

कॅथलिक तरुणांची वाट वेगळी आणि लांब. फादर व्हायचं तर आपल्या धर्मग्रामातल्या, म्हणजे स्थानिक चर्चच्या, फादरांमार्फत धर्मप्रांताकडे किंवा एखाद्या धर्मगुरूंच्या संघाकडे जायचं. आधी तयारीची वर्षं, मग तत्त्वज्ञान, मध्ये प्रत्यक्ष कामाचा काळ, मग ईश्वरविज्ञान. कॅथलिक धर्मभगिनी आणि संसारी माणसंही ईश्वरविज्ञान शिकू शकतात. धर्मगुरुपदाची दीक्षा मात्र तिथं फक्त पुरुषांनाच. सी.एन.आय.मध्ये स्त्रियांनाही पाळकपदाची दीक्षा मिळते. मुलींनो, घरातलं कुणी "बायकांना कुठं पाळक करतात" म्हणालं, तर हे सांगा.

संस्था निवडताना

आपल्या नशिबानं पुणे जवळ आहे. संभाजीनगरहून एसटीनं निघालं की पाच-सहा तासांत पोचतो, आणि मुलींना एसटीत अर्धं तिकीट आहे.

पुण्यात युनायटेड थिऑलॉजिकल सेमिनरी आहे. मराठी मंडळ्यांसाठी पाळक घडवणारी म्हणून ती ओळखली जाते. युनियन बिब्लिकल सेमिनरी मूळची यवतमाळची, १९५३ साली सुरू झाली आणि १९८३ मध्ये पुण्यात बिबवेवाडीला आली. तिथं शिकवणं इंग्रजीतून असतं आणि देशभरातले विद्यार्थी असतात. कॅथलिकांचं ज्ञानदीप विद्यापीठ नगर रस्त्यावर आहे. त्याची सुरुवात १८९३ साली श्रीलंकेत कँडीला झाली आणि १९५५ मध्ये ते पुण्यात आलं. कुठल्या संस्थेत यंदा कोणता अभ्यासक्रम कोणत्या भाषेतून चालू आहे, हे प्रत्येक ठिकाणी फोन करून विचारा. सांगोवांगी माहितीवर जाऊ नका.

आता मान्यतेबद्दल, आणि इथं मी जरा थांबणार आहे. माझ्या चुलतभावानं एका संस्थेत दोन वर्षं घालवली. चकचकीत प्रमाणपत्र मिळालं, त्यावर "डिग्री" असं मोठ्या अक्षरात छापलेलं. धर्मप्रांतानं ते पाहिलं आणि विचारलं, याला मान्यता कुणाची? उत्तर नव्हतं. त्याला पुन्हा पहिल्या वर्षापासून सुरुवात करावी लागली. काकांनी बैलजोडी विकून फी भरली होती.

त्यामुळे पहिला प्रश्न हाच विचारा: पदवी कोण देतं? आपल्याकडच्या बऱ्याच प्रॉटेस्टंट सेमिनऱ्या सेरामपूरच्या सिनेटशी, म्हणजे पदव्या देणाऱ्या मंडळाशी, संलग्न असतात. सेरामपूर म्हटलं की आपल्या लोकांना नगर जिल्ह्यातलं श्रीरामपूर आठवतं, आणि मला तर एका काकूंनी "मग जवळच आहे की" असंही म्हटलं होतं. हे सेरामपूर बंगालमध्ये हुगळी नदीकाठी आहे. विल्यम केरी, जोशुआ मार्शमन आणि विल्यम वॉर्ड यांनी १८१८ साली तिथं कॉलेज काढलं. ते गाव तेव्हा डेन्मार्कच्या ताब्यात होतं, म्हणून पदव्या देण्याचा अधिकार १८२७ मध्ये डेन्मार्कच्या राजाच्या सनदेनं मिळाला. पुढं १९१८ च्या कायद्यानं तो पक्का झाला. तुम्ही शिकता पुण्यात, पण पदवीवर नाव येतं सेरामपूरचं. काही संस्थांची मान्यता एशिया थिऑलॉजिकल असोसिएशनची असते. तिला ए.टी.ए. म्हणतात आणि ती १९७० पासून आहे. कॅथलिक विद्यापीठांच्या पदव्या रोमच्या अधिकारातून येतात.

दुसरा प्रश्न: माझी मंडळी ही पदवी मानते का? हे सेमिनरीला विचारू नका, आपल्या धर्मप्रांताच्या कार्यालयात विचारा. आणि उत्तर लेखी घ्या.

तिसरी गोष्ट आईवडिलांसाठी. ईश्वरविज्ञानाची पदवी सरकारी नोकरीच्या किंवा स्पर्धा परीक्षेच्या अर्जात इतर पदव्यांसारखी सहज चालेल असं गृहीत धरू नका. मी तर सांगते, जमत असेल तर आधी बी.ए. करा. आपल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या एखाद्या कॉलेजात करा, नाहीतर नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून. मग बी.डी.ला जा. वर्षं जास्त लागतात, पण इतिहास, समाजशास्त्र किंवा मराठी घेऊन बी.ए. केलेली मुलं सेमिनरीत वेगळीच उठून दिसतात. त्यांना वाचायची सवय असते. मी उलट केलं. बी.टीएच. आधी आणि मुक्त विद्यापीठातून बी.ए. नंतर, लेकरू मांडीवर असताना. होतं, पण दमछाक होते.

कागदपत्रं

दहावी-बारावीचे गुणपत्रक, शाळा सोडल्याचा दाखला, मायग्रेशन, बाप्तिस्म्याचा आणि दृढीकरणाचा दाखला, मंडळीचं पत्र, डॉक्टरांचं प्रमाणपत्र, आधार, फोटो. प्रत्येकाच्या चार झेरॉक्स काढून ठेवा.

एका गोष्टीकडे मात्र आजच बघा: नाव. आपल्याकडे शाळेत नाव दत्ता, बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर दानिएल आणि आधारवर दत्तू अशी तीन नावं एकाच मुलाची असतात. आडनावाचंही तसंच. सेमिनरीच्या कार्यालयात हे अडतं, आणि पुढं पदवीवर चुकीचं नाव छापून आलं तर बंगालशी पत्रव्यवहार करत बसावं लागतं. दहावीच्या गुणपत्रकावरचं नाव धरून चाला. फरक असेल तर प्रतिज्ञापत्र करा, मोठा बदल असेल तर राजपत्रात नाव बदलून घ्या. हे काम मार्चमध्येच उरकलेलं बरं, कारण निकालानंतर तहसीलमध्ये पाय ठेवायला जागा नसते.

धर्म आणि जातीचे रकाने भरताना सगळीकडे एकच आणि खरं लिहा. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार ख्रिस्ती झालेल्या दलितांना अनुसूचित जातीच्या सवलती मिळत नाहीत. आपल्या कितीतरी घरांची ही जुनी जखम आहे. त्यावर लढा चालू आहे आणि सेमिनरीत तुम्ही त्याचा अभ्यासही कराल. पण एका फॉर्मवर एक आणि दुसऱ्यावर दुसरं लिहून स्वतःचं भविष्य अडकवू नका.

परीक्षा, मुलाखत, साक्ष

प्रवेश परीक्षेत साधारणपणे पवित्र शास्त्राचं ज्ञान आणि भाषा तपासतात. पुस्तकांचा क्रम, मुख्य माणसं, संदेष्टे कुठल्या काळातले, पौलाचे प्रवास एवढं तरी यायला हवं. प्रॉटेस्टंट शास्त्रात ६६ पुस्तकं आहेत आणि कॅथलिक शास्त्रात ७३. हा फरक का, हे माहीत असेल तर मुलाखत घेणारे खूश होतात.

साक्ष लिहून मागतात, म्हणजे तुमचा विश्वासाचा प्रवास. इथं मुलं ऐकलेल्या साक्षी उतरवून काढतात: मी पापात होतो, मग एका सभेत प्रकाश दिसला. तुमच्या बाबतीत तसं घडलं असेल तर जरूर लिहा. नसेल तर जे घडलं ते लिहा. आजीच्या मांडीवर गाणी ऐकत मोठं होणं हीसुद्धा साक्षच आहे. मुलाखत घेणारे वर्षानुवर्षं हे वाचत आलेत, त्यांना खरं लगेच ओळखू येतं.

वर्ग सुरू झाल्यावर: भाषा

पहिल्या सहा महिन्यांत मुलं परत जातात ती बहुतेक भाषेमुळे. विश्वास पक्का असतो, पण इंग्रजी पुस्तकाची दहा पानं वाचायला रात्र जाते. माझा पहिला निबंध लाल शाईनं भरून परत आला होता आणि मी वसतिगृहाच्या गच्चीवर बसून रडले होते. यावर मला सापडलेला उपाय असा: एक वही करा. रोज नव्या वीस शब्दांचा अर्थ मराठीत लिहा, आणि अर्थ लिहिताना शब्दकोशातला अवघड पर्याय न घेता घरी समजेल असा शब्द शोधा. "इन्कार्नेशन"ला कोशात "देहधारण" आहे. मी पुढं लिहिलं होतं, "देव माणूस होऊन आपल्यात राहायला आला." वर्षाअखेरीस ती वही माझ्या उपदेशांची शिदोरी झाली.

मग ग्रीक आणि हिब्रू. घाबरू नका, आणि हे मी धीर द्यायचा म्हणून म्हणत नाही. मराठी माणसाला या भाषा इंग्रजी शाळेतल्या मुलांपेक्षा लवकर उमगतात. ग्रीकमध्ये तीन लिंगं आहेत, आपल्या तो-ती-ते सारखी. विभक्ती आहेत, त्या आपण सातवीतच घोकलेल्या असतात. ग्रीक अक्षरं २४, हिब्रू २२. हिब्रू उजवीकडून डावीकडे लिहितात, आणि स्वरांच्या खुणा अक्षराच्या खाली-वर येतात, अगदी आपल्या काना-मात्रा-उकारासारख्या. माझ्या वर्गातली केरळची एक मैत्रीण म्हणायची, तुम्हाला मराठीवाल्यांना देवानं आधीच अर्धं शिकवून ठेवलंय.

एक उदाहरण देते, म्हणजे या कष्टाचं मोल कळेल. हिब्रूत "रुआख" असा शब्द आहे. वारा, श्वास आणि आत्मा असे तिन्ही अर्थ त्याला आहेत. यहेज्केलाच्या ३७ व्या अध्यायात कोरड्या हाडांच्या खोऱ्यात हाच शब्द पुन्हा पुन्हा येतो. मराठीत तो कुठं श्वास होतो, कुठं वारा, कुठं आत्मा, आणि वाचणाऱ्याला कळतच नाही की मुळात शब्द एकच आहे. वर्गात हे शिकले त्या रात्री मला झोप आली नाही. कारण आमच्याकडे "वारं" या शब्दाला आणखी एक अर्थ आहे. देवीचं वारं अंगात येतं म्हणतात. शेजारच्या घरात मंगळवारी वारं यायचं आणि आई आम्हाला दार लावून आत बसवायची. मग मी गावात पवित्र आत्म्याबद्दल बोलताना "वारा" म्हणू की नको? म्हटलं तर शास्त्राचा मूळ अर्थ जवळ येतो, पण ऐकणाऱ्या मावशीच्या डोळ्यापुढं शेजारीण घुमताना उभी राहते. मी अजूनही हा शब्द जपून वापरते, आणि वापरला की दोन मिनिटं थांबून फरक समजावते. हा विचार इंग्रजी पुस्तकात सापडणार नाही. तो तुम्हालाच करावा लागेल, तुमच्या गावच्या भाषेत.

विश्वास हलतो तेव्हा

दुसऱ्या वर्षी जवळपास प्रत्येकाला हा धक्का बसतो. उत्पत्तीच्या पहिल्या आणि दुसऱ्या अध्यायात सृष्टीच्या दोन वेगळ्या कथा आहेत, हे शिक्षक दाखवतात. मोशेची पाच पुस्तकं एकाच हातानं लिहिली गेली का, यावर चर्चा होते. मत्तय, मार्क, लूक ही येशूच्या जीवनाची शुभवर्तमानं शेजारी ठेवून कुणी कुणाचं वापरलं ते पाहतात. घरून आलेल्या मुलाला वाटतं, हे माझा विश्वास काढून घेताहेत. कुणी रागानं शिक्षकांनाच अविश्वासू ठरवतं, कुणी आतून कोरडं होतं.

दोन गोष्टी करा. एक, शंका वहीत लिहून शिक्षकांकडे न्या, खोलीत एकट्यानं चघळू नका. चांगले शिक्षक या वाटेनं गेलेले असतात. दुसरी, रविवारची मंडळी सोडू नका. मला त्या वर्षी सावरलं ते पुण्यातल्या एका छोट्या मराठी मंडळीतल्या भाजीवाल्या मावशींनी. त्या रोज पहाटे मार्केट यार्डात जाण्याआधी २३ वं स्तोत्र म्हणायच्या. ते कुणी, कधी लिहिलं, याचं मी उत्तर शोधत होते आणि त्या त्याच स्तोत्राच्या बळावर दिवस काढत होत्या. दोन्ही गोष्टी एकाच माणसात राहू शकतात, हे कळायला मला वर्ष लागलं.

आपला वारसा सोबत घ्या

परदेशी नावं भरपूर शिकाल: निकायाची धर्मपरिषद ३२५, कॅल्सिडोनची ४५१, ल्यूथरची धर्मसुधारणा १५१७. ती शिका. पण मराठीत देवाबद्दल विचार करणारी माणसंही चार शतकं होऊन गेली आहेत. फादर थॉमस स्टीफन्स यांचं ओवीबद्ध ख्रिस्तपुराण १६१६ साली छापलं गेलं. अहमदनगरला "ज्ञानोदय" हे ख्रिस्ती नियतकालिक १८४२ मध्ये सुरू झालं. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून केडगावला अख्खं शास्त्र सोप्या मराठीत आणलं. त्या १९२२ मध्ये गेल्या आणि संपूर्ण भाषांतर १९२४ ला छापून निघालं. एक मराठी बाई एकटी हे करते, आणि आपण ग्रीकच्या परीक्षेला घाबरतो! नारायण वामन टिळक म्हणत की आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. त्यांची भजनं तर आपल्याला पाठच असतात.

आपल्या दाराशी नारायण शेषाद्री आहेत. १८४३ साली मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि पुढं त्यांनी जालन्याजवळ बेथेल नावाचं ख्रिस्ती गाव वसवलं. जालन्याच्या मुलाला जिनिव्हाचा इतिहास पाठ असावा आणि बेथेलचा माहीत नसावा, हे मला फार लागतं.

आणि ईश्वरविज्ञानाचे अभ्यासक अरविंद निर्मल. १९८१ मध्ये बेंगळुरूच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात त्यांनी केलेल्या भाषणापासून दलित ईश्वरविज्ञानाची, म्हणजे दलितांच्या अनुभवातून देवाचा विचार करण्याची, सुरुवात मानतात. जुन्या करारातल्या "अनुवाद" नावाच्या पुस्तकाच्या २६ व्या अध्यायात इस्राएली माणूस म्हणतो की माझा पूर्वज भटका अरामी होता. निर्मल यांनी ती कबुली दलित ख्रिस्ती माणसाच्या तोंडी घालून पाहिली. बाबासाहेबांनी १९५० मध्ये मिलिंद महाविद्यालय ज्या शहरात काढलं, त्या भागातून तुम्ही जाताय. तुमचे मित्र बौद्ध आहेत, शेजारी मुसलमान आहेत, गावात पैठणची, नर्सीची, गंगाखेडची वारी येते. इतर धर्मांच्या तासाला तुम्ही पुस्तकाबाहेरचं बरंच सांगू शकाल. ते सांगा, लाजू नका.

शेवटच्या वर्षी प्रबंध असेल तर विषय घराजवळचा घ्या. संभाजीनगरच्या छावणीतली जुनी ख्रिस्ती थडगी, जालन्यातल्या जुन्या मंडळीची बाप्तिस्म्याची रजिस्टरं, तुमच्या आजीला पाठ असलेली न छापलेली भजनं. आजी आहेत तोवर मोबाइलवर उतरवून घ्या.

पैसा आणि घर

फी, मेस आणि पुस्तकं धरून वर्षाचा खर्च किती, ते लेखी मागवा. धर्मप्रांत पाठवत असेल तर खर्चाचा वाटा तो उचलतो, त्या बदल्यात काही वर्षं सेवा करण्याचं वचन घेतो. ते वचन वाचून मगच सही करा. सेमिनरीत ग्रंथालयात, बागेत, स्वयंपाकघरात काम करून थोडा खर्च भागवता येतो का, हेही विचारा.

पाळकांचा पगार कमी असतो. हे लपवून काही साधत नाही. पण पदवीनंतर वाटा आणखी आहेत: मिशनच्या दवाखान्यात रुग्णांची आत्मिक काळजी, वसतिगृहाची जबाबदारी, सामाजिक संस्था, भाषांतर, ख्रिस्ती शाळांतलं काम, पुढं शिकून अध्यापन. वडिलांना हे सगळं एकत्र बसून सांगा. माझे वडील गप्प बसून ऐकत होते, आणि शेवटी एवढंच म्हणाले, "उपाशी राहणार नाहीस ना?" मी म्हणाले, नाही. राहिले नाही.

घर सोडता येत नसेल तर

शेती आहे, म्हातारे आईवडील आहेत, नोकरी आहे. अशांसाठी बाहेरून शिकायची सोय आहे. सेरामपूर सिनेटचा ख्रिस्ती अभ्यासाचा दूरस्थ पदवी अभ्यासक्रम आहे, बी.सी.एस. नावाचा. बेंगळुरूची टाफ्टी ही संस्था घरी पुस्तकं आणि गावात अभ्यासगट अशा रीतीनं शिकवते. पाळक होण्यासाठी एवढं पुरेल का, ते मंडळीला विचारा. रविवारच्या शाळेचे शिक्षक, मंडळीतले वडील, महिला मंडळाच्या सेक्रेटरी यांना मात्र याचा फार उपयोग होतो.

आणि कुठंही जाणार असाल, नसाल, सुरुवात आजच करता येते. मार्कचं शुभवर्तमान काढा. सोळा अध्याय, एका बैठकीत दीड-दोन तास लागतात. रविवारी तुकडे ऐकतो तसं नाही, सलग वाचा. शेजारी वही ठेवा आणि जिथं अडाल तिथं प्रश्न लिहा. चौथ्या अध्यायात पेरणारा भेटेल. सेमिनरीत मला कळलं की काही अभ्यासकांच्या मते तिकडे आधी बी फोकायचे आणि मग वरून नांगर फिरवायचे, म्हणजे ती वाटही नांगराखाली जाणार असायची. काहींना हे पटत नाही. ते म्हणतात, हात राखून न पेरणारा शेतकरी हाच दाखल्याचा मुद्दा आहे. दिवाळीच्या सुट्टीत मी दोन्ही मतं आबांना सांगितली. त्यांनी बराच वेळ विडी हातात तशीच धरून ठेवली, मग म्हणाले, "आधी बी, मग नांगर? तसं असंल तर जमतंय. पण दुसरं जे सांगितलंस ना, ते पुन्हा एकदा सांग."